भिंतीवरचं चाक

पूर्णा जंक्शनच्या रेल्वेवाल्यांना कुठलीही नवी वस्तू दिली, की ते आधी ती उघडून बघतात. त्यामुळे विहाराच्या भिंतीवर भवचक्र काढायचं ठरलं, तेव्हाच किस्से सुरू झाले. एक सांगायला घ्यावा तर मागून दुसरा येतोच.

सत्तरच्या दशकातली, कोळशाच्या इंजिनांच्या काळातली गोष्ट. भन्तेंनी जन्ममरणाच्या चाकाचं एक चित्र आणलं होतं. डब्यांवर नंबर रंगवणारा आमचा किसन पेंटर ड्यूटी सुटली की तेच भिंतीवर मोठं करून काढायचा. आम्ही मागे चहा पीत बसायचो. किसनला लहानाचं मोठं करणारे लक्ष्मणमामाही यायचे. त्यांचे डोळे केव्हाच गेले होते. आल्या आल्या विचारायचे, "आज काय काढलं रं?" आणि किसन सगळं सांगायचा.

*

चाक दातांत धरलेला राक्षस उमटला आणि पहिली तक्रार आली. फिटर गौतम म्हणाला, "भन्तेजी, आमी देव सोडले, भुतं सोडली. आता ह्यो कोण?"

"हे मरण आहे," भन्ते म्हणाले. "तेही सोडलंय का?"

गौतमने गुपचूप चहा संपवला.

*

चाकाच्या मधोमध कोंबडा, साप आणि डुक्कर. कोंबडा म्हणजे लोभ, हे कळल्यावर कोंबड्या पाळणाऱ्या कोंडाबाईंना लय लागलं. "माझा कोंबडा आख्ख्या कॉलनीला उठवतोय, अन् लोभी तोच व्हय?"

"उठवतोय खरा," गौतम म्हणाला, "पर आमच्या अंगणातले दाणे टिपल्याबिगर घरी जात न्हाई."

*

मग आलं उपाशी भूत. पोट रांजणाएवढं, गळा सुईएवढा. प्रत्येकाला त्यात कुणी ना कुणी ओळखीचं दिसलं, आणि प्रत्येकाने दुसऱ्याचंच नाव घेतलं.

किसन हळूच म्हणाला, "मी तर आरशात बघून काढलंय."

*

शेवटी राहिली चाकाची कड. तिच्यावरचं पहिलंच चित्र काठी टेकत चाललेल्या आंधळ्याचं. तो म्हणजे अज्ञान. किसनने ते घाईघाईत उरकलं आणि पुढचं घेतलं.

"आज काय काढलं रं?" मामांनी विचारलं.

"कुंभार, मामा."

"अन् त्येच्या आदी?"

मला तर तिथून उठून जावंसं वाटलं. किसन कधी मामांशी खोटं बोलला नव्हता. "आंधळा मानूस हाय," तो म्हणाला. "अज्ञानाची खूण."

मामांनी काठीवर हनुवटी टेकवली. "आन् बुद्ध कुठं हायेत?"

"चाकाच्या भाईर, वर. चंद्राकडं बोट दाखवायलेत, सुटकेची वाट म्हनून."

"आंधळ्याला?"

मामा काठी चाचपत उठले आणि दाराकडे निघाले.

किसनने ब्रश उचलला. "भन्तेजी, बुद्धांचा दुसरा हात मोकळाच हाय. खाली आंधळ्याकडं घेऊ का?"

भन्ते मामांचा हात धरून त्यांना पायरी उतरवत होते.

"घ्या," ते म्हणाले.