शीतगृहातून वाचलेला ऊस

वसईतल्या वटारचे आमचे शेजारी दिवाकरभाऊ उत्तरेतल्या ऊस-संशोधनातून निवृत्त होऊन परतले, पण कडाक्याच्या थंडीत तगणारा ऊस काढायचं वेड काही सुटलं नाही. वसईत थंडी कुठली? म्हणून रानगवताशी संकर केलेली बारा रोपं त्यांनी वालीवच्या शीतगृहात ठेवली. एकच जगलं, ते त्यांनी घरी आणून अंगणात लावलं. त्याची सरबराई बघून आम्ही त्याला ‘जावईबापू’ म्हणायचो.

परवा भाऊ बाहेर गेलेले. त्यांच्या बायकोने, रखमावहिनींनी, तुळशीच्या लग्नाला तोच ऊस मुळासकट उपटला. लग्न लागल्यावर आम्ही सगळ्यांनी चघळला.

भाऊ परतले आणि चोथ्यात रुजण्याजोगा एखादा डोळा शोधत बसले.

“घरात असताना विकत कशाला आणायचा, म्हटलं,” वहिनी रडवेल्या झाल्या.

डोळा सापडला नाही. मग भाऊ उठून मला हळूच म्हणाले, “गोड होता का रे? रानगवताच्या संकरात गोडी सहसा उतरत नाही. मी चाखलाच नव्हता.”

“फार गोड, भाऊ,” मी म्हटलं. ते मटकन ओट्यावर बसले.