निघोज्याचा बिनकाट्याचा मासा

खाण्यापिण्यावर आणि प्रवासावर लिहायचं तर माणसानं चार मुलूख पाहिलेले असावेत. मी त्या काळी भोसरीपासून निघोज्यापर्यंत गेलो होतो, तेही कंपनीच्या जीपमधून. शिवाय आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. मी लिहिलेलं चूक की बरोबर हे सांगणारं घरी कोणी नव्हतं, आणि ती धाकधूक अजून गेलेली नाही. तेव्हा आधीच माफी मागून ठेवतो.

वडील भोसरीच्या एका कंपनीत हेल्पर होते. तिथे मशीन बसवायला एक परदेशी साहेब तीन महिन्यांसाठी आला. तो द्राक्षांच्या मुलखातला. त्यानं पर्सोनेल ऑफिसरला सांगितलं की आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी लोक वाइन प्यायला या गावातून त्या गावात हिंडतात, तिथलं जेवण जेवतात, चालीरीती बघतात. जाण्याआधी तुमचा भागही मला तसाच बघायचा आहे. वडिलांनी हे घरी सांगितलं आणि वर म्हणाले, "त्यात काय नवं हाय? पगाराच्या दिवशी आपल्याकडं बी हिंडतात की."

साहेबाबरोबर इंग्रजी बोलायला कोणीतरी हवं होतं आणि कुठल्याच अधिकाऱ्याला रविवार मोडायचा नव्हता. वडिलांनी हात वर केला. "माझा पोरगा कालेजात हाय. इंग्रजीचं एवढं जाड पुस्तक वाचतो." पुस्तक जाड होतं हे खरं आहे. ऑफिसर म्हणाले, साहेबानं शब्द टाकला तर पोराला स्टोअरमध्ये क्लार्क म्हणून घेऊ. त्या दिवसापासून आमच्या घरात मला नोकरी लागलेलीच होती. आईनं शेजारणीला सांगून टाकलं. साहेब खूश व्हायचा तेवढा बाकी होता.

जीपचा ड्रायव्हर चाकणजवळच्याच निघोज्याचा, माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठा. कंपनीत टेम्पररी होता, पण बोलायचा मालकासारखा. मी जीपमध्ये अंग चोरून बसलो तर म्हणाला, "राव, नीट बसा की. इंग्रजी सांडंल."

आधी चाकणला कांद्याच्या वखारी दाखवल्या. ड्रायव्हरनं एक कांदा बुक्कीनं फोडून साहेबाच्या हातात ठेवला. साहेबानं तो सफरचंदासारखा चावून खाल्ला, डोळे पुसले आणि वहीत बराच वेळ लिहिलं. मग मला विचारलं, "इथली वाइन कोणती?"

मी ड्रायव्हरला विचारलं.

"वाइन म्हंजी दारूच ना? साहेबाला दिवसाढवळ्या हातभट्टीवर नेऊ व्हय? हाय ती नोकरी जाईल माझी."

"द्राक्षाची हवी आहे त्यांना."

त्यानं थोडा विचार केला. "द्राक्षाची हाय की. आमच्या आण्णांची बाटली हाय, वैद्यानं दिल्याली. चला घरी. जेवण बी हुईल."

अशा रीतीनं आम्ही या भागातल्या वाइनच्या शोधात निघोज्याला पोचलो. आण्णा, म्हणजे ड्रायव्हरचे वडील, यांनी फडताळातून द्राक्षासवाची बाटली काढली. जेवणानंतर दोन चमचे, तेवढ्याच पाण्यातून, असं त्यावर छापलेलं होतं. साहेबानं पितळी फुलपात्रात ते हलवलं, वास घेतला, घोट तोंडात घोळवला आणि डोळे मिटले. मग विचारलं, "कोणत्या सालची?"

मी आण्णांना विचारलं. "दिवाळीत आणलीय," आण्णा म्हणाले. "आन त्यास्नी म्हणावं, लई घेऊ नका. परसाकडला पळावं लागंल."

दिवाळीचं मी सांगितलं. पुढचं भाषांतरात गाळलं. साहेबानं आणखी एक फुलपात्र घेतलं.

मग ताटं आली. बाजरीची भाकरी, लाल रस्सा आणि एका ताटलीत कापलेल्या माशाच्या तुकड्यांसारखे तुकडे. ड्रायव्हरची आई दारातूनच म्हणाली, "मासवडी हाय. साहेबास्नी आवडंल का?"

आम्ही बीडकडचे. मासवडी हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पण कॉलेजात शिकणाऱ्यानं शब्द फोडून अर्थ काढायचा असतो, तसा मी काढला. "फिश, सर," मी म्हणालो.

साहेब खूश झाला. त्याच्या गावीही नदीचे मासे खातात म्हणे. हा कुठल्या नदीचा, त्यानं विचारलं. जवळ इंद्रायणी होती, म्हणून मी इंद्रायणीचा म्हणालो. त्यानं तीन तुकडे खाल्ले, चौथा उलटून पाहिला. "यात काटे कसे नाहीत?"

मी आत विचारलं, "मावशी, यात काटे कसे नाहीत?"

"काटं?" ती म्हणाली. "त्यात कुठलं काटं, बाबा?"

"सर, ती म्हणते यात काटे नसतातच."

मीही खाल्ली. आमच्या घरी मासा क्वचित शिजायचा, त्यामुळे माशाची चव नक्की कशी याचा मला भरवसा नव्हता. ही चव चांगली होती. त्या माउलीच्या गळ्यात तुळशीची माळ होती. ती मी पाहिली होती, आणि इकडचे माळकरी मासे खात असतील असं मनाशी धरून चाललो होतो. चालीरीतींचा अभ्यास मी असा केला.

परतताना साहेबानं माझा हात हातात घेतला. तो मला 'माय फ्रेंड' म्हणायचा. घरी गेल्यावर तिथल्या वाइन मंडळाच्या मासिकात तो निघोज्याच्या वाइनवर आणि बिनकाट्याच्या माशावर लेख लिहिणार होता. आणि कंपनीला पत्रही, माझ्यासाठी.

त्याला गेस्ट हाउसवर सोडलं. पुढे ड्रायव्हर म्हणाला, "राव, तुमी साहेबाला सारखं फिश फिश काय सांगत व्हता?"

"मासवडीचं. मासाच ना?"

त्यानं जीप कडेला घेतली. "कुठलं तुमी?"

"बीडकडचे."

"तरीच. अवो, बेसनाची असती ती! नुसती दिसायला मासा. आत खोबरं, तीळ, कांदा-लसूण. आमची आई मासा हातात धरायची न्हाई. तिला कळलं तर मला भाकर द्यायची न्हाई."

"पण काटे नसतात असं त्याच म्हणाल्या."

"बेसनाला काटं असत्यात व्हय?" असं म्हणून तो स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत राहिला. भोसरी येईपर्यंत अधूनमधून नुसता "इंद्रायणीचा!" म्हणायचा आणि पुन्हा हसायचा.

मला हसू येत नव्हतं. एका परक्या देशात माझ्या शब्दावर खोटं छापलं जाणार होतं. दोन दिवसांनी साहेब जाणार, त्याआधी गेस्ट हाउसवर जाऊन सांगावं असं मनात होतं. वडील म्हणाले, "त्यो खूश हाय ना? मग तुला कामून माशाचं पडलंय? आधी नोकरी लागू दे. मग सांग, बेसन होतं म्हणून." मी गेलो नाही. साहेब गेला.

तरी राहवेना. कंपनीतून पत्ता मिळवला आणि शब्दकोश घेऊन पत्र लिहिलं. मासा हा मासा नव्हता, हरभऱ्याचं पीठ होतं. वाइन हे पोटाचं औषध होतं. आपली प्रकृती बरी असावी अशी आशा आहे. चूक सर्वस्वी माझी, ड्रायव्हरची किंवा त्याच्या घरच्यांची नाही. खाली सही केली. साहेब लोकांच्या सह्या वाचता येत नाहीत हे मी बघून ठेवलं होतं, म्हणून मी तशीच एक सही घोटून बसवली होती. तीच ठोकली. पत्र पेटीत टाकलं आणि तिथेच वाटलं, नोकरी टाकली.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. मध्यंतरी जुने ऑफिसर बदलून दुसरे आले. आईनं शेजारणीशी त्या विषयावर बोलणं सोडलं.

मग एका दुपारी वडील फर्स्ट शिफ्टवरून आले आणि बूट न काढताच त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला.

"साहेबाचं पत्र आलं कंपनीत," ते म्हणाले.

"काय लिहिलंय?"

"लिहिलंय, ज्या तरुणानं मला जीपमधून गावोगाव फिरवलं, त्यानं आपण होऊन आपली चूक कळवली. त्याचं नाव विचारायचं राहिलं आन पत्रावरची सही लागत न्हाई. पण असा खरा माणूस तुम्ही स्टोअरमध्ये घ्याच."

आई आतून बाहेर आली. मी पेढा तोंडाकडे नेला.

"नव्या ऑफिसरनं चौकशी केली, जीपमधून फिरवलं कोणी," वडील बूट सोडत म्हणाले. "ड्रायव्हरला बोलावलं. त्यो म्हणाला, व्हय साहेब, म्याच फिरवलं. मला तर चहाच्या सुट्टीत कळलं. पेढा त्यानंच दिलाय. आजपासून बसतोय स्टोअरला. पर्मनंट."