फुगलेली प्लीहा

लोक त्याला फाड्या डॉक्टर म्हणत. जनावर जिवंत असताना शेजारपाजारचे सल्ले चालत. ते मेलं की याला बोलावणं. आपला पेशंट कधी तक्रार करत नाही, असं तो म्हणायचा. त्यात हसण्यासारखं काय, असं बायको विचारायची.

थोरल्या बहिणीची डुकरीण मेली त्या सकाळी तो लगेच पोचला. भाऊजी गेल्यापासून ताईचं घर या डुकरांवरच चालत होतं. भिंतीपलीकडे बाकीची खाण्यासाठी ओरडत होती. ओल्या फरशीवर डुकरीण आडवी, कान जांभळे पडलेले. उन्हाने गेली असेल, ताई म्हणाली. त्याने हातमोजे चढवले.

त्याने पोट उघडलं. प्लीहा एरवी जिभेसारखी लांबट, चपटी असते. ही कितीतरी पट फुगलेली, काळी. बोट लावताच चिखलासारखी फुटली. मूत्रपिंडांवर टाचणीने टोचल्यासारखे लाल ठिपके. आतड्याजवळच्या गाठी म्हणजे नुसत्या रक्ताच्या गुठळ्या. प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा, पण तो नुसता रिवाज; रोग त्याला कळला होता. डुकरांच्या या आफ्रिकन तापाला औषध नाही. धडधाकट दिसणारीसुद्धा मारून पुरावी लागतात.

अशीच प्लीहा त्याने दहाएक दिवसांपूर्वी एका खाटकाच्या शेडमध्ये पाहिली होती. ते डुक्कर कुजायला लागलं होतं. कुजल्यानेच काळवंडली, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि उन्हावर ढकलून मोकळा झाला. तिथून तडक इकडे आला, कारण ताईच्या याच डुकरिणीला पिल्लं झाली होती. त्याच बुटांनी आत शिरून त्याने एकेक पिल्लू उचलून पाहिलं होतं.

हातमोजे काढत त्याने ताईला आधी रोग सांगितला, मग बाकीच्यांचं काय होणार ते. ती भिंतीकडे बघत राहिली.

"आला कुठून हा?"

"माझ्या बुटांतून, ताई."

ती अंगावर धावून येईल असं त्याला वाटलं. आली असती तर बरं झालं असतं. तिने हातातली बादली खाली ठेवली.

"त्या दिवशी इथून पुढे कुणाकुणाकडे गेला होतास?"

तो एकेक घर सांगत गेला. तिसऱ्या घरापाशी ती म्हणाली, "बास कर."

घरं अजून उरली होती.