लॉन्ड्री रूमचं दार

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या वाडीत दर दुसऱ्या झाडावर कुणीतरी बसलेलं असतं म्हणतात, पण मी त्याच झाडांखालून अंधारात पाण्याला गेले आहे, मला कधी कोणी भेटलं नाही. तुमच्या फेसबुकच्या पानावरचे भुतांचे अनुभव मधू मला वाचून दाखवायची तेव्हा मी हसायचे. मी चौथीपर्यंत शिकले. चार माणसांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे. पाठवीन असं वाटत नाही... पण तुम्हालाच सांगते आहे असं समजून लिहिते.

मधू माझी एकुलती मुलगी. लग्न होऊन दुबईला गेली. नितीनराव, माझे जावई, तिथे एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. अल कुसैसला एका जुन्या व्हिलाचा खालचा मजला त्यांनी भाड्याने घेतला होता. वरच्या मजल्यावर दुसरं मराठी कुटुंब. धोंड्याचा महिना आला होता, जावयाला वाण द्यायचं, म्हणून मी व्हिजिट व्हिसावर गेले. जावयासमोर मी मान वर करून कधी बोलले नव्हते. डोक्यावर पदर घ्यायचा, ताट वाढायचं, बाजूला व्हायचं. ते काही बोलले तरी उत्तर मधूच द्यायची.

नितीनरावांना जुनी वॉशिंग मशीनं जमवायचा नाद. देश सोडून जाणारे लोक विकून टाकत, ते हे उचलून आणत. मागची मोलकरणीची खोली होती, तिची त्यांनी स्वतः लॉन्ड्री रूम केली. भिंतींना पांढऱ्या टाइल्स, पाणी जायला जाळी, प्रत्येक मशीनच्या पायाखाली रबर, प्रत्येकाला वेगळं बटण. बुडबुड्याची पट्टी वर ठेवून ते तासन्‌तास मशीनचे पाय वरखाली करत बसायचे. "लेव्हल बरोबर असली ना आई, की मशीन जागचं हलत नाही," असं मला म्हणाले होते. मग पुढे काच असलेल्या मशीनवर पाण्याने भरलेला पेला ठेवायचे आणि मशीन जोरात फिरवायचे. थेंब सांडायचा नाही.

एक निळं, गोल मशीन होतं. त्याच्या डोक्यावर रबराचे दोन रूळ. ओला कपडा मधे घातला की पिळून पलीकडे सपाट होऊन निघायचा. मित्र घरी आले की आधी हे सगळं दाखवायचं.

"अरे नितीन, दुबईत धोबीघाट काढलास की काय? यल्ला, चल, माझ्या दोन चादरी टाक!" एक जण म्हणाला. सगळे हसले.

कोपऱ्यात एक वरच्या झाकणाचं मशीन होतं. ते सुरू झालं की विटा दळल्यासारखा आवाज. मित्र म्हणाला, "याचं बेअरिंग गेलंय. बदल की."

"राहू दे," नितीनराव म्हणाले. "त्याचा आवाज मला आवडतो."

मला नवल वाटलं. ज्या माणसाला चमचा वाजलेला खपत नाही, त्याला हा आवाज कसा आवडतो?

ते एका दुपारी कळलं. मी खोबरं किसत होते. मागे एकदम सगळी मशीनं सुरू झाली. माझी नात आर्या उठली, कानांवर मोठे हेडफोन घातले आणि टॅब घेऊन जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसली.

"काय झालं गं?"

"लॉन्ड्री टाइम, आजी," ती म्हणाली. "डोन्ट गो देअर."

मधू घरात कुठेच दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिची वेणी घालायला बसले. डाव्या कानामागे सूज, रक्त सुकलेलं. मी हात लावला तशी ती शहारली.

"ओल्या फरशीवर पडले गं."

"कानामागे कोण पडतं, मधू?"

मग ती रडली. आवाज न करता रडायची तिला सवय झाली होती. त्या कानाने तिला ऐकू येईनासं झालं होतं. पाठीवर, दंडांवर काळेनिळे डाग. तिचा आणि आर्याचा पासपोर्ट नितीनरावांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या खिशात. "आई, तू पुढच्या आठवड्यात जाशील. तो म्हणालाय, आई गेली की बघतो तुला... या वेळी मी वाचणार नाही."

त्याच संध्याकाळी वरच्या वहिनी जिन्यात भेटल्या. नितीनरावांना म्हणाल्या, "काल दुपारी कोणी ओरडलं का हो?"

"मशीनं चालू होती ना वहिनी, त्यात काय ऐकू येणार!" नितीनराव हसून म्हणाले. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मी पदर पुढे ओढला.

वाणाचा दिवस सुट्टीचा होता. सकाळी मल्याळी इलेक्ट्रिशियन आला. लॉन्ड्री रूमच्या बोर्डाला करपल्याचा वास येत होता. त्याने बोर्ड काढला, वायरी कापून टेप लावली आणि नवा बोर्ड आणायला गेला. हे मी स्वतः पाहिलं. मशीनांच्या वायरी गुंडाळून भिंतीवर टांगलेल्या होत्या.

भर दुपारी मी तेहतीस अनारसे ताटात रचले, त्यावर दिवा लावला. जावई म्हणजे नारायण... असं आमच्यात मानतात. मी ताट घेऊन बाहेर आले तेव्हा नारायणाच्या हातात आर्याचा एक ओला मोजा होता.

"माझ्या निळ्या मशीनमध्ये हा कोणी टाकला?"

"अहो, चुकून आर्याने..." मधू एवढंच म्हणाली. त्यांनी तिचे केस धरले आणि तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा नाही. मधूचा दात तुटून माझ्या पायाशी पडला. मग केसांना धरूनच तिला मागे ओढत नेलं. मी ताट खाली ठेवलं आणि तिचा हात धरला. तो सोडला नाही. त्यांनी मला लाथ घातली. ताट उलटलं, अनारसे सगळीकडे पसरले, दिवा विझला. आर्या टेबलाखाली, हेडफोन घालून.

लॉन्ड्री रूमच्या दारात त्यांनी मधूला खाली टाकलं. "थांब, खलास करतो आज," म्हणाले आणि आत गेले. आधी मशीनं चालू करायची, मग तिला आत घ्यायचं, अशी त्यांची रीत. त्या रागात बोर्ड काढलेला आहे हेसुद्धा ते विसरले.

दार धाडकन लागलं.

मी वाट बघत होते की आता ते शिव्या देत बाहेर येतील. तेवढ्यात मशीनं सुरू झाली.

सगळी. एकदम. ते विटा दळणारंसुद्धा. फरशी पायाखाली थरथरू लागली. त्यात दुसरा एक आवाज — धप... धप... ओलं जड कापड दगडावर आपटावं तसा. मी आयुष्यभर कपडे आपटून धुतले आहेत, तो आवाज मी ओळखते. पण आत कपडे नव्हते. आणि मग नितीनराव ओरडले. माणूस असा ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"मधू! दार उघड! कोण आहे... कोण आहे आत!"

मी दारापाशी गेले. त्या दाराला बाहेरून कडी नव्हती. मुठीवर हात ठेवला. बाहेर अंगाची लाही होत होती आणि मूठ बर्फासारखी गार. हाड मोडल्याचा आवाज आला. मधू जमिनीवर पडली होती, तोंडातून रक्त येत होतं, ती माझ्याकडे बघत होती. "उघड" म्हणाली नाही, "नको" म्हणाली नाही.

मी मूठ फिरवली नाही.

ते थांबलं तेव्हा वरच्या वहिनी आणि त्यांचे मिस्टर धावत आले. मिस्टरांनी मूठ फिरवली, दार सहज उघडलं. मशीनं आपापली रबरं सोडून खोलीच्या मधोमध आली होती, गोल करून. मधे नितीनराव. उजवा हात कोपरापर्यंत निळ्या मशीनच्या रुळांत, पिळलेला. पाठीवर, दंडांवर काळेनिळे डाग. डाव्या कानातून रक्त. पांढऱ्या टाइल्सवर रक्ताचे शिंतोडे. वायरी तशाच भिंतीवर गुंडाळलेल्या. आणि काचेच्या मशीनवर पाण्याचा पेला होता, काठोकाठ भरलेला. थेंब सांडला नव्हता.

इलेक्ट्रिशियन नवा बोर्ड घेऊन परत आला तेव्हा ॲम्ब्युलन्स निघून गेली होती. त्याने टेप तपासली, तारा तपासल्या. "अम्मा, इधर तो लाइन ही नहीं है," म्हणाला, बोर्ड तिथेच ठेवला आणि पैसेही न घेता गेला. पोलिसांनी मशीन अंगावर पडल्याचा अपघात असं लिहून घेतलं. किल्ली नितीनरावांच्या पँटच्या खिशात होती. ॲम्ब्युलन्स यायच्या आधीच मधूने ती काढून घेतली होती. तिने कपाट उघडून पासपोर्ट घेतले.

आता मधू आणि आर्या माझ्याजवळ असतात. आर्या टेबलाखाली बसत नाही. कपडे मी हाताने धुते. आपटत नाही, चोळूनच धुते. नितीनरावांचा भाऊ म्हणतो की शेजारच्या लाइनचा करंट उलटा आला असेल. वहिनींचे मिस्टर म्हणतात, त्यांनीच रागात मशीनं ओढली असतील. वायर नसलेलं मशीन फिरलं कसं, आणि डाग नेमके मधूच्याच जागी कसे उठले, ते मात्र कोणी सांगत नाही. मलाही सांगता येत नाही.

इथे वाडीला यायच्या आदल्या दिवशी मी एकटी हॉस्पिटलमध्ये गेले होते. नितीनराव उताणे पडले होते, हात नव्हता. मला पाहून ओठ हलले.

"आई, तुम्ही दारातच होतात. मी एवढा ओरडत होतो... दार का नाही उघडलंत?"

मी डोक्यावरचा पदर मागे केला. पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले.

"मशीनं चालू होती ना, नितीनराव. त्यात काय ऐकू येणार?"