चाळीस किलो चिन्नोर

आमची राइस मिल होती. मी बारावीत असताना बाबांनी त्यात एका विमानाची भर घातली. नऊ प्रवासी बसतील एवढंच. नागझिऱ्याचे वाघ बघून झाले की पर्यटकांना ते बिरसीच्या धावपट्टीवरून खजुराहोला न्यायचं.

लहान विमानात माणसांचंही वजन करावं लागतं. बाबांनी मिलमधला वजनकाटाच तिथे आणून ठेवला. पहिल्या दिवशी त्यांनी पोत्यांच्या सवयीने पाहुण्यांचे बूट बारदान म्हणून वजा केले. पायलट म्हणाले, "सेठजी, जूते भी साथ में उड़ेंगे."

पाहुण्यांशी इंग्रजीत बोलायचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे मी दाराशी उभी राहून हसायचे. विमानात मात्र कधीच बसले नव्हते. त्या डिसेंबरात एकदा आठच पाहुणे होते. बाबा म्हणाले, "नववी जागा तुही. संध्याकाळी विमान रिकामंच वापस येते, त्याच्यात ये." मी आठवडाभर कुणाला काही बोलले नाही. फक्त खिडकीची बाजू ठरवून ठेवली.

सगळ्यांची वजनं झाली. माझं एक्केचाळीस. पायलटांनी कागदावर बेरीज केली आणि मान डोलावली. मी चढले, पट्टा लावला.

तेवढ्यात आईची जीप आली. आमच्याकडून पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही. आईने आठ जणांसाठी पाच-पाच किलो चिन्नोर तांदळाच्या थैल्या शिवून आणल्या होत्या. पाहुण्यांनी त्या तान्ह्या बाळासारख्या मांडीवर घेतल्या. वास घ्या, अशी आईने खूण केली. त्यांनी घेतला.

पायलट खाली उतरले. "भाभीजी, चालीस किलो ज़्यादा हो गया. या तो चावल उतरेगा, या..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भला माणूस.

"देल्ला तांदूळ वापस मांगू?" आई म्हणाली. "पाहुने का म्हनतीन?"

"पोरगी कवाची वाट पाहून राहिली न," बाबा हळूच म्हणाले.

"पोरगी घरचीच आहे. ते कायले रागावते?"

इंग्रजीत एक वाक्य बोलले असते, तर पाहुण्यांनी थैल्या हसत परत केल्या असत्या. ते वाक्य माझ्याजवळ तयारही होतं. मी पट्टा सोडला आणि उतरले.

विमान उडालं तेव्हा आई जोरजोरात हात हलवत होती. मग माझ्याकडे वळली.

"काऊन वं, रुसली का?"

"नाही."

"मंग तोंड काऊन असं?"

मी जीपमध्ये जाऊन बसले. घरापर्यंत आईही गप्प होती. आमच्या घरात हे फार क्वचित घडतं.

पुढच्या फेरीला आई पुन्हा आली. या वेळी तिच्या पिशवीत मूठमूठ तांदळाच्या पुरचुंड्या होत्या. त्या वाटताना तिचा चेहरा असा, की जणू कुणाच्या लग्नात जेवण कमी पडलंय. मी खिडकीशी बसले होते. विमान वळलं तेव्हा खाली धानाच्या बांध्या दिसल्या, मिलचं पत्र्याचं छप्पर दिसलं, आणि जीपजवळ हात हलवणारी एक बारीकशी आई.

अजूनही घरी कुणी आलं की ती माझ्याकडे बोट दाखवून सांगते, "हिच्यापायी पाहुन्यायले मूठभर तांदूळ द्या लागला."