मल्लूआण्णाची मूठ

संध्याकाळी गल्लीच्या कट्ट्यावर मल्लूआण्णा म्हशीच्या कासेपाशी बसला, की कुणाशी बोलायचा नाही. गुडघ्यांत चरवी, मांड्या घट्ट, मुठी आवळलेल्या, आणि आम्ही गिऱ्हाइकं पेला धरून उभी. धार संपली की मात्र तोंडाला खळ नसे. त्यात सुईचा विषय निघाला तर विचारूच नका. सुईनं माणूस खचतो, रक्त नासतं, असं तो छातीठोकपणे सांगे. "आमच्या रक्ताला सुई मानवत न्हाय, पावणं," हा त्याचा शेवटचा निकाल. आमच्या घरांची भिंत एक होती, तरी मी पावणंच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्याची गाभण म्हैस वैरण सोडून लाळ गाळू लागली. घशात काही अडकलं असेल म्हणून आण्णानं कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. जनावरावर जीव असलेला कुठलाही गवळी हेच करतो. म्हैस मेली, आणि जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की तिला पिसाळलेलं कुत्रं चावलं असणार. ती दूध देत नव्हती म्हणून आम्ही सुटलो. आण्णाच्या बोटांवर मात्र कडबा कापतानाचे ओरखडे होते, त्यांतून तिची लाळ आत गेली असणार. लस घेतली नाही तर काय होईल, हे त्याच्या बायकोला, पारूअक्काला, म्हशीकडे बघूनच कळलं होतं.

अक्कानं आणि मी त्याचे हात साबणानं धुतले आणि त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. दंडाला स्पिरिटचा बोळा लागला मात्र, एवढा दांडगा गडी सुई टोचायच्या आधीच स्टुलावरून घसरला. शुद्धीवर येताच चपला शोधू लागला. "म्हस चावली न्हाय, नुस्ता हात घातलाय. त्यानं काय हुतंय?"

डॉक्टरीणबाईंनी वाद घातला नाही. त्याचा हात हातात घेतला. हात गार पडला होता. पूर्वी कधी असं झालं होतं का, त्यांनी विचारलं. शाळेत लस टोचताना तो रांगेतच पडला होता आणि पोरांनी त्याला पुढे कितीतरी दिवस चिडवलं होतं, हे अक्कालाही त्या दिवशीच समजलं. बाई म्हणाल्या, "काहींचा रक्तदाब सुई बघून एकदम उतरतो, डोक्याला रक्त कमी पडतं. अंग ते विसरत नाही. आधी हात गार पडतात, मग तोंड कारणं शोधतं. हा भित्रेपणा नव्हे." मुठी आणि मांड्या आवळून धरल्या तर चक्कर टळते, असंही त्यांनी सांगितलं. आण्णाला ते जमेना. तो नुसताच ताठ झाला.

अक्का वैतागली. "अवो, धार काढल्यागत बसा की."

आण्णानं डोळे मिटले, गुडघ्यांत नसलेली चरवी धरली आणि मुठी आवळल्या. सुई आत गेली, बाहेर आली. "टोचली व्हय?" त्यानं विचारलं. मला इतकं हलकं वाटलं की हसूच फुटलं.

आण्णा पुढे भरपूर जगला. नातवंडांना मांडीवर घेऊन लशी टोचवून आणल्या. त्याची आठवण निघाली की मला मात्र त्या महिनाभराच्या लशीतल्या शेवटच्या सुईचा दिवस दिसतो. आता काळजी नाही, असं बाईंनी सांगितलं आणि आण्णा बाहेर येऊन रांगेतल्या माणसांना मुठी कशा आवळायच्या ते मोठ्यानं शिकवू लागला. इतके दिवस त्याला दटावून आणणारी अक्का पायरीवर मटकन बसली. शिकवणं सोडून आण्णा तिच्याशेजारी टेकला आणि तिचे दोन्ही हात त्यानं आपल्या मुठींत घेतले.

"गार पडल्यात की तुझं हात," तो हळूच म्हणाला.