टेलवाल्याचा पहिला शब्द

पुण्याहून नाशिकच्या एसटीत बसले तेव्हा मी सुट्टीवर चालले आहे, अशी माझी पक्की समजूत होती. चाकणच्या वाहतुकीत गाडी रुतली आणि शेजारच्या काकांनी विचारलंच, "काय काम करता?" आमचं शहर समुद्राकाठी आहे, समुद्राचं पाणी गोडं करण्यासाठी महापालिका एका खाजगी कंपनीशी करार करते आहे आणि त्या कराराची कलमं मी लिहिते, असं मी जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगितलं. काका म्हणाले, "समुद्र हाय दाराशी आन् प्यायला पाणी न्हाई? अवघडंय राव!" मागची दोन बाकं हसली, मीही हसले. करायचं काय, म्हणणं खरंच होतं.

पेठ मागे पडलं, मंचर आलं, आणि खिडकीबाहेरून माझी नजर हलेना. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कांद्याच्या चाळी, उसाचे फड, तारांवर चढवलेले टोमॅटो आणि प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी, त्यांत आभाळाचं प्रतिबिंब पडलेलं. डाव्या हाताला सह्याद्रीच्या रांगा एकामागे एक निळ्या होत गेलेल्या. एवढ्या ऐश्वर्यातून आमच्या गाडीला मागे टाकत एक पाण्याचा टँकर गेला, मग दुसरा. शिवाराला पाणी आणि घशाला कोरड, हे कोडं मला काही सुटेना.

ते आळेफाट्यावर सुटलं. तिथे मंगलताई स्कूटर घेऊन उभ्या होत्या, पायाशी पाण्याचे दोन रिकामे जार. या माझ्या कचेरीतल्या मैत्रिणीच्या मावसबहीण. "तुझ्या कराराचा धाकटा भाऊ आमच्या ताईच्या वस्तीवर येतोय, बघून ये," असं म्हणून मैत्रिणीनेच मला इकडे पिटाळलं होतं. "कॅनॉलचं पाणी पाळीनं येतं, ते वावराला (शेताला)," मंगलताई म्हणाल्या. "प्यायला बोर. आन् बोरचं पाणी मचूळ (खारवट). डाळ शिजंना, च्या फाटतो. आमच्या ह्यांना दोनदा मुतखडा झाला. म्हणून हे जार." राजुरीच्या अलीकडे त्यांनी जार विकत भरून घेतले. परतताना एक जार माझ्या मांडीवर आला आणि दुसरा त्यांच्या पायांत. खड्ड्यागणिक मी जार सांभाळत होते की जार मला, हे सांगणं कठीण आहे.

जेवायला मासवडी होती. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वळायचं, वड्या कापायच्या आणि अंगावर येणाऱ्या तिखट रश्शात बुडवायच्या. सोबत बाजरीची भाकरी. मी तीन वेळा वाढून घेतलं आणि मग जारमधलं पाणी मागताना जीभ अडखळली. ते कुठून येतं, हे माझ्या मांडीला चांगलंच ठाऊक होतं.

दुपारी ग्रामपंचायतीसमोर मांडव घातला होता. आज सही व्हायची होती तो करार साधा होता. जागा, बोर आणि वीज गावाची. क्षार काढणारं यंत्र कंपनीचं. काही वर्षं कंपनीने चालवायचं, पाणी ठरल्या दराने द्यायचं आणि मग सगळं गावाच्या ताब्यात सोडायचं. आमच्या शहराच्या कपाटभर कागदांचा अर्क एवढाच तर आहे! कंपनीचे इंजिनिअर तरुण होते, नम्र होते, आणि टेम्पोवर चालतं यंत्रच घेऊन आले होते. बोरची नळी एका बाजूने आत गेली. यंत्र गुरगुरलं. दुसऱ्या बाजूने काचेसारखी धार पडू लागली.

आता टाळ्या, असं मला वाटलं. पण बायका पुढे आल्या त्या कुकर, शेगडी आणि तूरडाळ घेऊन. कंपनीच्या मीटरवर आकडा काय येतो याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. शिट्ट्या झाल्या, वाफ गेली, मंगलताईंनी झाकण काढून डाळीला पळी लावली आणि डाळ लोण्यासारखी मोडली. मांडवात एकच गलका उठला. मंगलताई हसत होत्या आणि पदराने डोळेही पुसत होत्या. समुद्र गोडा करण्याची भाषा मी रोज लिहिते, पण गोडं पाणी म्हणजे काय, ते मला त्या कुकरापाशी कळलं.

सही आता झालीच, म्हणून मी मोबाईल सरसावला. सरपंच मात्र ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कंपनीने लावलेला नकाशा बघत होते. यंत्राच्या चौकोनातून एक बाण गावाकडे गेला होता आणि एक कागदाच्या कडेला जाऊन संपला होता.

"सायेब, ह्यो बाण कुठं जातो?"

"ते उरलेलं पाणी. काढलेले क्षार त्यात जातात. नाल्यात सोडायचं."

"आन् नाला?"

इंजिनिअरांनी नकाशाकडे पाहिलं. सरपंच मांडवाकडे वळले. "ह्या नाल्याचा टेलवाला कोण हाय? आधी त्यो बोलंल."

टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. पाळी सुटली की पाणी आधी टेलला द्यायचं आणि मग वर वर यायचं, नाहीतर वरचेच सगळं पिऊन टाकतात, हा इथला रिवाज मंगलताईंनी मला कानात सांगितला. पाणी देताना तो पाळतात, हे समजण्यासारखं होतं. बोलतानाही पाळतात, हे मी प्रथमच पाहत होते.

मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. शोभाताई, नाल्याकाठच्या एकरभर शेताच्या मालकीण. नुकत्याच डाळ बघायला पुढे येऊन गेल्या होत्या. "नाला माझ्या हिरीला लागूनच हाय," त्या म्हणाल्या. "तुमचं खारं माझ्या हिरीत उतरंल. मेथी-कोथिंबिरीवर माझं घर चालतं. मला बी गोडं पाणी पायजे, पण असं नको."

"एका वावरापायी आख्ख्या गावाला ताहान?" कोणीतरी ओरडलं. गलका झाला. मंगलताईसुद्धा ताडकन उठल्या, आणि कुकर हातात घेऊन नुसत्याच उभ्या राहिल्या.

सरपंचांनी आवाज चढवला नाही. "प्लॅस्टिक टाकून तळं करा, खारं पाणी त्यात आटू द्या. तळ्याचा खर्च करारात धरा." इंजिनिअरांनी बाजूला जाऊन फोन लावला, बराच वेळ बोलले आणि परत येऊन म्हणाले, "वरून होकार नाही. आहे तोच करार हवा असेल तर आज सही करा, नाहीतर यंत्र पुढच्या गावाला जाईल."

"ज्यांना ह्योच करार पायजे, त्यांनी हात वर करा," सरपंच म्हणाले.

काही हात वर गेले. मी मंगलताईंकडे पाहत होते. त्यांचे दोन्ही हात कुकरावरच राहिले. मग वर गेलेले हातही एकेक करून खाली आले. टेम्पो निघाला. तहानलेलं गाव आपणहून पाणी परत पाठवताना मी कधी पाहिलं नव्हतं. शोभाताई जाताना आमच्यापाशी थांबल्या, "जय भीम" म्हणाल्या. मंगलताईंनी "जय भीम" म्हणून कुकरातली अर्धी डाळ त्यांच्या डब्यात घातली.

मंगलताई मला फाट्यावर सोडायला आल्या तेव्हा मी विचारलं, "राग नाही आला?"

"आला की! लई आला," मंगलताई म्हणाल्या. "पण कॅनॉलवर टेलला आमचंच वावर हाय, पावणं. आज तिला गप केलं असतं, तर पाळीला मी कुठल्या तोंडानं बोलले असते?" आणि त्यांनी स्कूटर वळवली, संध्याकाळपर्यंत पुन्हा रिकामे झालेले दोन जार घेऊन.

परतीच्या गाडीत रात्रभर माझ्या डोळ्यांपुढून तो मांडव हलला नाही. पाण्यापेक्षा शब्दाची पाळी मोठी मानणारी माणसं मी पाहून आले होते. दुसऱ्या दिवशी कचेरीत आमच्या शहराचा नकाशा उघडला. आमचाही बाण कागदाच्या कडेला संपत होता आणि तिथे लिहिलं होतं, 'समुद्र'.

मी पिशवी उचलली आणि बाण जिथे संपतो तिथे गेले. वाळूवर बोंबील वाळत होते. जाळं सांधणाऱ्या एका बाईने मान वर करून विचारलं, "काय पाहिजे? काय सांगायला आलात?"

"काही नाही," मी म्हटलं आणि वाळूत बसले. "आधी तुम्ही बोला."